सिगारेट सोडून सोळा महिने झाले, पण त्या पाच मिनिटांचं काय करायचं?

शिफ्टवाला

बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो. व्यसनाबद्दलचे जुने धागे वर आले की शेवटच्या प्रतिसादापर्यंत वाचायचो. आज स्वतः लिहायला बसलो, कारण परवा प्रेसमधल्या एका पोराने विचारलं, "काका, तुमची सुटली कशी?" आणि मला त्याला धड सांगता आलं नाही. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

मी लोअर परळला एका ऑफसेट प्रेसमध्ये मशीनवर आहे. वय ५२. १९९६ साली हेल्पर म्हणून लागलो, त्याच वर्षी रात्रपाळीत पहिली सिगारेट ओढली. शेवटची १६ जून २०२४ च्या रात्री. मधली २८ वर्षं दिवसपाळीला दहा-बारा आणि रात्रपाळीला पंधराच्या वर.

त्याआधी तीनदा सोडून झाली होती. २००९ ला वडील गेले तेव्हा, २०१६ ला छातीत दुखलं तेव्हा, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये टपऱ्याच बंद होत्या म्हणून. तिन्ही वेळा मन घट्ट केलं, टपरीच्या बाजूला फिरकायचं नाही असं ठरवलं, आणि तिन्ही वेळा दोन-तीन महिन्यांत परत सुरू झालो. लॉकडाउनच्या वेळी तर तिप्पट पैसे मोजून.

चौथ्या वेळी काय वेगळं झालं ते सांगतो. आमच्या प्रेसमध्ये आत काडी ओढायची सोय नाही. कागदाच्या थप्प्या, स्पिरिट, रोलर धुवायचं केमिकल, सगळं पेट घेणारं. म्हणून सिगारेट ओढणारा बाहेर जातो. तास-दीड तास झाला की कोणीतरी मान हलवतो, दोघं-तिघं गेटबाहेर जाऊन पाच मिनिटांत परत येतात. फोरमन कधी एका शब्दाने बोलला नाही. आणि जे ओढत नाहीत ते? ते आठ तास मशीनपाशी उभे. "पाय भरून आलेत, पाच मिनिटं वाऱ्यावर उभा राहून येतो," असं म्हणताना मी २८ वर्षांत एकालाही ऐकलं नाही. सिगारेट हा आमचा गेटपास होता. ती सोडली की गेटपास पण जायचा, आणि हे माझ्या तीन वेळा लक्षातच आलं नाही.

१७ जूनला सोमवार होता. पाऊस नुकता लागला होता. गेटसमोरच्या टपरीवाल्याला मी वीस पावलांवर दिसलो की तो डब्यातून एक काढून, अंगठ्याच्या नखावर दोनदा ठोकून हात पुढे करतो. पैसे आठवड्याने. पत्र्याला खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीला लायटर बांधलेला. पूर्वी तिथे काथ्याची दोरी धुमसत असायची. त्या दिवशी त्याने नेहमीसारखा हात पुढे केला. मी म्हटलं, "आजपासून नको. बंद केली." तो काही बोलला नाही. सिगारेट परत डब्यात ठेवली, बडीशेपेची पुडी फाडून माझ्या तळहातावर ओतली आणि पैशाला नको म्हणाला. छत्री नव्हती, मी भिजत तसाच आत गेलो. बडीशेप मुठीत ओली झाली होती, ती सगळी खाल्ली.

आणि मग जुनीच चूक केली. पंधरा दिवस मोहाला घाबरून बाहेरच पडलो नाही. शिफ्टभर मशीनला चिकटून. चिडचिड इतकी की हेल्परला दोनदा रडवलं. दुसऱ्या आठवड्यात लग्नपत्रिकेच्या जॉबला किरमिजी प्लेटचं रजिस्टर, म्हणजे बाकीच्या रंगांशी जुळणी, हललं. केसाएवढंच, पण गणपतीच्या सोंडेला दुहेरी कड दिसायला लागली. मी लूप (छोटं भिंग) लावून बघितलं आणि तरी मला दिसलं नाही. तीन हजार शीट गेल्यावर हेल्परने दाखवलं. त्याच पोराने, ज्याला मी रडवलं होतं.

त्या संध्याकाळी मालकांकडे गेलो. कागदाचं नुकसान कबूल केलं. मग म्हटलं, "सिगारेट सोडलीय, पण मी दिवसातून पाच वेळा बाहेर जायचो, ते मला परत पाहिजे. ओढणार नाही, नुसता उभा राहीन." ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "यात विचारायचं काय?" पण विचारायला लागलं, हे खरं.

तेव्हापासून मी मागच्या लोखंडी जिन्यावर जातो. तिथून बंद गिरणीचं धुराडं दिसतं, त्यात पिंपळ उगवलाय. पाच मिनिटं उभा राहतो, पाणी पितो, परत येतो. आता हेल्परलाही नेतो. तो ओढत नाही, त्याला पहिल्यांदाच शिफ्टमध्ये बाहेर जायला मिळालं.

मशीन सोडता येत नाही अशा वेळी तलफ आली, तर मशीनवरचा शीट मोजणारा काउंटर बघायचो. आमची मशीन तासाला आठ हजारांनी चालते. तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटांत ओसरते. म्हणजे साडेसहाशे शीट. काउंटर लक्षात ठेवायचा आणि साडेसहाशे पडेपर्यंत काही ठरवायचं नाही. बहुतेक वेळा चारशेलाच विसरायला व्हायचं.

ज्यांनी सोडलीय त्यांना विचारायचंय: तुम्ही त्या वेळेचं काय केलंत?

चाफा

दादा, तुमचं लिखाण वाचून डोळे भरून आले. मी ओढणारी नाही, ओढणाऱ्याची बायको आहे. ठाण्याला राहतो. मिस्टरांनी गेल्या दिवाळीत सोडायचा प्रयत्न केला आणि त्या आठ दिवसांत आमच्या घरात जितकी भांडणं झाली तितकी लग्नाच्या १९ वर्षांत झाली नव्हती. शेवटी मीच म्हणाले, ओढा बाबा एकदाची, पण हे थांबवा. ते वाक्य मला आजही टोचतं.

घरातल्या माणसाने काय करावं, हे कोणी सांगेल का? मी शर्टाचा वास घ्यायचे, खिसे तपासायचे. त्याने काही चांगलं झालं असं वाटत नाही.

शिफ्टवाला

@चाफा ताई, ते वाक्य मनाला लावून घेऊ नका. पहिल्या आठवड्यात माणूस माणसात नसतो. निकोटीन थांबल्यावर दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत चिडचिड, झोप, भूक हळूहळू ठिकाणावर येतं. तुमच्या मिस्टरांनी आठवा दिवस गाठला होता, म्हणजे खडी चढण संपलेली होती. हे तुम्हा दोघांना तेव्हा कोणी सांगायला हवं होतं.

आमच्या घरी सांगायचं तर, आधीच्या तीन वेळा मी घरात सांगितलंच नव्हतं. हरलो तर लाज नको म्हणून. चौथ्यांदा सांगितलं. बायकोने एकदाही "ओढलीत का?" असं विचारलं नाही. रात्री जेवण झालं की आम्ही दोघं खाली उतरून नाक्यापर्यंत जायचो, कारण जेवणानंतरची सिगारेट मी गॅलरीत ओढायचो आणि ती वेळ फार वाईट जायची. ती बरोबर चालायची, विषय दुसराच. सोळा महिने झाले, अजून जातो.

दंतू_गिरगाव

धागा उत्तम आहे. मी दाताची डॉक्टर आहे, गिरगावात दवाखाना आहे. रोज तंबाखूची तोंडं बघते म्हणून काही कामाच्या गोष्टी लिहिते.

निकोटीनचं च्युइंगगम बहुतेक लोक चुकीचं खातात आणि मग म्हणतात, काही उपयोग झाला नाही. ते नेहमीच्या च्युइंगगमसारखं सतत चघळायचं नाही. हळूहळू चावायचं, जिभेला चुरचुरायला लागलं की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. चुरचुर गेली की पुन्हा थोडं चावायचं, पुन्हा ठेवायचं. असं साधारण अर्धा तास. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. भराभर चावून गिळलंत तर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं. आणि आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नाही, तोंडात असतानाही नाही. आंबट तोंडात ते शोषलं जात नाही. आपल्याकडे लोक कटिंगबरोबर खातात आणि पैसे वाया घालवतात.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर व्यसन जास्त पक्कं समजायचं, आणि २ मिलिग्रॅमच्या गमने बहुधा भागत नाही. अशांनी डॉक्टरांना भेटावं. ४ मिलिग्रॅमचं गम आहे, अंगावर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या आहेत, बुप्रोपिऑन आणि व्हरेनिक्लिन या गोळ्या आहेत. गोळ्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत. हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील तर गमसुद्धा विचारूनच.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, सिगारेट सोडल्यावर काही आठवडे हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. लोक घाबरतात. धुरामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा दबलेला असतो, आजार असूनही रक्त दिसत नाही. सोडल्यावर तो पूर्ववत होतो आणि खरं चित्र दिसतं. तेव्हा दात साफ करून घ्या, सिगारेटकडे परत जाऊ नका. दुसरी गोष्ट चहाची. धुरामुळे यकृत कॅफीनचा फार लवकर निकाल लावतं. सिगारेट बंद झाली की तेच सहा कप चहा अंगात जास्त वेळ राहतात. छातीत धडधड, रात्री टक्क जागं राहणं, हात थरथरणं, आणि खापर फुटतं सिगारेट सोडण्यावर. पहिल्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणा.

पवईकर२९

हा धागा आज दिसला हे माझं नशीब. आज तिसरा दिवस. वय २९, दहा वर्षं ओढतोय. आयटीत आहे. सकाळपासून डोकं भणभणतंय, स्क्रीनवरची एक ओळ चार वेळा वाचली तरी कळत नाही.

शिफ्टवाला काका, तुम्ही गेटपास म्हणालात ते माझ्या ऑफिसला शंभर टक्के लागू आहे. आमचा मॅनेजर ओढतो. कोणाला कुठल्या प्रोजेक्टवर घ्यायचं हे मीटिंगमध्ये नंतर ठरतं, आधी खाली टपरीवर ठरतं. आज तीनदा सगळे खाली गेले आणि मी वरच बसलो. आपण बाहेर फेकले गेलो असं वाटलं. खरं सांगतो, तलफेपेक्षा ते जास्त जड गेलं.

व्हेपने (ई-सिगारेटने) भागवावं का? मित्राकडे आहे.

दंतू_गिरगाव

@पवईकर२९ व्हेप नको. एक तर २०१९ पासून आपल्या देशात त्याच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे जे मिळतं ते चोरट्या वाटेने आलेलं. आत काय आणि किती आहे याचा पत्ता नाही. आधार लागत असेल तर गम घ्या, वर लिहिलंय तसं. तिसरा दिवस हा कडेलोटाचा असतो. तुमच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड आतापर्यंत निघून गेलाय, अंगातलं निकोटीनही संपलंय. आता मेंदू कुरकुरतोय. रोज थोडं कमी होईल.

दहिसरलोकल

काकांचं अभिनंदन, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो, कारण इथे नवीन मुलं वाचतायत. "पाच मिनिटं बाहेर जाणं सोडू नका" हे वाचून कोणी टपरीवरच्या गप्पांत जाऊन उभं राहील. मी तेच केलं. २०१४ ला सोडली, चार वर्षं शिवली नाही. गडी पक्का झाला असं सगळे म्हणायचे. २०१८ च्या मे महिन्यात गावी भावाच्या हळदीला मागच्या अंगणात सगळे उभे होते, एकाने पुढे केली. मी म्हटलं, चार वर्षं झाली, आता काय होतंय. एकच ओढली. चक्कर आली, बरीही लागली नाही. मनात आलं, बघा, आपल्याला आता तिची गरजच नाही, म्हणजे कधीतरी एखादी चालेल. पंधरा दिवसांनी एक. मग शनिवारी एक. ऑगस्टमध्ये पाकीट विकत घेतलं. पुढची दोन वर्षं पूर्वीपेक्षा जास्त ओढली.

म्हणून मी म्हणेन, निदान पहिलं वर्ष धुराच्या जवळसुद्धा जाऊ नका. मी दहिसरला प्लॅटफॉर्मच्या ज्या टोकाला उतरायचो ते टोकसुद्धा बदललं, कारण त्या जिन्याखाली टपरी होती. आता पाच वर्षं झाली.

शिफ्टवाला

@दहिसरलोकल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझ्या लिहिण्यात ते नीट आलं नाही. मी बाहेर जातो ते मागच्या जिन्यावर, टपरीवर नाही. टपरीसमोरून जायचं मी पहिले चार महिने टाळलं, मागच्या गल्लीतून यायचो, पावसात चिखल तुडवत. चार महिन्यांनी पहिल्यांदा तिथे थांबलो, तेही बडीशेपेचे पैसे द्यायला.

तुम्ही लिहिलेलं "आता तिची गरजच नाही, म्हणजे एखादी चालेल" हे मी वहीत उतरवून घेतलंय. २०१६ ला मी ह्याच वाक्यावर घसरलो होतो.

@पवईकर२९ तुझं दुखणं मला कळतं. माझे जोडीदार टपरीवर आणि मी एकटा जिन्यावर, असे दोन महिने मीही काढले. तू मॅनेजरला सरळ सांग की सोडलीय, आणि चहाला मला हाक मारा, पण कँटीनमध्ये. संकोच वाटेल, पण सांग. न सांगता वर बसलास तर त्यांना वाटेल तुला कामाची घाई आहे.

अनामिका_मध्यरेल्वे

मी बाई आहे आणि बारा वर्षं सिगारेट ओढली. घरी, सासरी, माहेरी कोणालाही माहीत नव्हतं, आजही नाही. म्हणून ही आयडी नवी काढली आहे.

पुरुषांना निदान टपरी असते. मी रिक्षात, पार्किंगच्या तळघरात, ऑफिसच्या मागच्या जिन्यात ओढायचे. पर्समध्ये वेलची, लवंग, अत्तर, हँडवॉश, एक जादा ओढणी. ओढणी डोक्याला गुंडाळायची म्हणजे केसांना वास लागत नाही. एक सिगारेट ओढायला सात मिनिटं आणि ती पुसून टाकायला वीस. माझं सगळं आयुष्य त्या पुसण्यात चाललं होतं. डॉक्टरांनासुद्धा खोटं सांगितलं, तेही मूल होत नाही म्हणून तपासण्या चालू असताना. त्याची खंत अजून जात नाही.

सोडतानाही लपूनच सोडायची होती. चिडचिडीचं कारण सांगता येत नव्हतं. "सोडलीस? शाब्बास!" असं म्हणायला कोणी नाही, कारण ओढत होते हेच कोणाला ठाऊक नाही. शेवटी पाकिटावर छापलेला नंबर लावला, १८००-११-२३५६. नंबर टोल-फ्री आहे. मराठीत बोलायला मिळालं. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं तेव्हा मी दचकले. ती म्हणाली, कुठलंही नाव सांगा. तिने सोडण्याची तारीख ठरवून घेतली, दिवसातली कुठली सिगारेट सर्वांत कठीण वाटते ते विचारलं, आणि तारखेनंतर तिकडूनच फोन येत राहिले. चौथ्या फोनला तिने विचारलं, "कसं वाटतंय?" आणि मी बांद्र्याच्या स्कायवॉकवर गर्दीत उभी राहून रडले. बारा वर्षांत त्या विषयावर कोणाशी खरं बोलले ती पहिली वेळ.

सव्वादोन वर्षं झाली. मुलगी आठ महिन्यांची आहे.

बायका हे वाचत असतील तर एवढंच सांगते, फोन लावा. समोरचा माणूस तुमचं वागणं मोजायला बसलेला नाही.

चाफा

@अनामिका_मध्यरेल्वे शाब्बास गं बाई. उशिरा का होईना, मनापासून शाब्बास. लेकीला आशीर्वाद.

सातरस्ता

आज पहिल्यांदा या विभागात लिहितोय. माझे वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आत कापूस उडत असतो, विडी पेटवायला सक्त मनाई. ते सांगायचे, सगळे कामगार मुतारीकडे जाऊन विडी ओढायचे. जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, ठाऊक असायचं, थोडा वेळ तो डोळेझाक करायचा. शिफ्टवाल्यांनी गेटपास म्हटलं आणि मला वडिलांचं बोलणं आठवलं. "विडीला जातो" म्हटलं की जायला मिळायचं, "दमलो" म्हटलं तर नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप लागला, पुढे नोकरी गेली, विडी राहिली. कापसाच्या धुळीने छाती आधीच खराब, त्यात दिवसाला दोन बंडलं. लोक म्हणायचे विडी सिगारेटपेक्षा हलकी, पानाचीच तर असते. ते खरं नाही. विडी विझू नये म्हणून ती जोरात आणि वारंवार ओढावी लागते, आणि टार, निकोटीन, कार्बन मोनॉक्साइड तिच्यातून कमी येत नाही.

१९९१ ला वडिलांनी माळ घातली. विडी त्या दिवसापासून बंद. आम्हाला वाटलं विठोबाची कृपा, आणि मी तिला नाव ठेवत नाही. पण आज मागे बघताना दिसतं की माळेबरोबर त्यांना मंडळ मिळालं. रोज संध्याकाळी सात ते आठ चाळीतल्या गच्चीवर हरिपाठ, दहा-बारा माणसं, टाळ. गिरणी गेल्यापासून नऊ वर्षं त्यांना संध्याकाळी जायला जागाच नव्हती, नुसते नाक्यावर बसून विड्या ओढायचे. छाती पूर्ण सुधारली नाही, पावसाळ्यात दम लागायचाच. पण पुढे सतरा वर्षं जगले, आणि त्यातली अकरा वर्षं पायी वारी केली.

खाडीकाठ

सातरस्ता, सुंदर लिहिलंत.

मी दरवर्षी श्रावण पाळतो. गटारीला शेवटची, मग महिनाभर सिगारेट, दारू, मटण सगळं बंद. काही त्रास होत नाही. गणपती आले की पुन्हा चालू. बावीस वर्षं असंच चाललंय. म्हणजे मला व्यसन नाही असंच ना? वय ४९. तसंही आता सोडून काय फरक पडणार, जे व्हायचं ते होऊन गेलं असेल.

दंतू_गिरगाव

@खाडीकाठ तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या सवयींची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि ५० वर्षांचा हिशेब २००४ मध्ये मांडला. ज्यांनी आयुष्यभर सिगारेट ओढली ते न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. ६० व्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यातली साधारण तीन वर्षं परत मिळवली, ५० व्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, ४० व्या वर्षी नऊ. तुम्ही ४९ चे आहात. तुमची सहा वर्षं अजून टेबलावर पडलेली आहेत. आणि हृदयाचं तर लवकर दिसतं: सिगारेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर येतो.

पहिल्या प्रश्नाबद्दल: महिनाभराने शरीराची ओढ जवळजवळ संपलेली असते. म्हणजे तुम्ही बावीस वेळा कठीण भाग पार केलात आणि बावीस वेळा तिथून मागे वळलात.

खाडीकाठ

हे असं कोणी सांगितलं नव्हतं. विचार करतोय.

माटुंगारोड

मी सिगारेट सोडून तंबाखू-चुना धरला, त्याला दीड वर्ष झालं. धूर तर बंद झाला ना? निदान घरच्यांना त्रास नाही. गुटखा खात नाही.

दंतू_गिरगाव

@माटुंगारोड कृपा करून हा आठवडा काढून तोंड दाखवून या. निकोटीन तेच, आणि चुन्यामुळे ते जास्त पटकन शोषलं जातं, त्यामुळे सुटायला तेवढंच अवघड. तोंडाच्या कर्करोगाला धूर लागत नाही. आरशासमोर उजेडात गाल ओढून बघा: पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीएवढं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर गावोगावची माणसं बसलेली असतात, त्यातल्या कितीतरी जणांना सुरुवातीला एवढासा चट्टाच होता. वर दिलेला नंबर तंबाखूसाठीही आहे.

माटुंगारोड

डावीकडे पांढरं आहे थोडं. उद्या जातो.

दंतू_गिरगाव

उद्या नक्की जा आणि इथे कळवा. पांढरा चट्टा म्हणजे कर्करोग असं नाही, बरेचदा तंबाखू थांबवली की तो मागे हटतो. पण बघायला हवा.

पवईकर२९

अपडेट देतो. आज दहावा दिवस.

काका, सातव्या दिवशी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, आधी बोलायचंस ना." काल चार वाजता त्याने मला हाक मारली आणि आम्ही दोघंच तलावाच्या बाजूने चक्कर मारून आलो. त्याच्या हातात सिगारेट नव्हती. त्याने विचारलं, पहिले तीन दिवस कसे काढलेस. मी साडेसहाशे शीटांचं सांगितलं. माझ्याकडे मशीन नाही, म्हणून मी लिफ्टऐवजी जिने मोजतो. सहाव्या मजल्यापर्यंत चढून उतरेपर्यंत तलफ जाते. पहिल्या दिवशी तिसऱ्यालाच थांबलो होतो.

खोकला मात्र वाढलाय, सकाळी काळपट कफ पडतो. हे बरोबर आहे का?

दंतू_गिरगाव

श्वासनळीतले बारीक केस धुराने निपचित पडलेले असतात, ते पुन्हा कामाला लागले की साठलेलं वर ढकलतात. काही आठवडे चालतं. रक्त दिसलं, ताप आला किंवा महिन्याच्या वर लांबलं तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

शिफ्टवाला

मलाही दीड महिना होता. त्यानंतर एकदा शाईचा नवा डबा उघडला आणि जवसाच्या तेलासारखा वास आला. २८ वर्षं तेच डबे उघडतोय, हा वास मला माहीतच नव्हता. हेल्परला विचारलं, "असाच येतो का रे?" तो म्हणाला, "रोजच येतो, काका."

पवईकर, या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे. रात्री अडीचच्या सुमारास मी जिन्यावर असतो, मोबाइल हातात असतो. झोप उडाली आणि तलफ आली तर इथे लिही, मी बघतो. माटुंगारोड, तुम्ही पण.